प्रतिसादपृष्ठ : प्रयोगशाळेतले नकाशावाचन

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत माझ्यासमोर ज्या प्रयोगवह्या येतात, त्यांत एक वाक्य हमखास असते : "इतर सर्व गोष्टी कायम ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलली." बहुतेक वेळा ते लाल पेनाने अधोरेखितही केलेले असते, कारण या वाक्याला गुण मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असते. नियम वाईट नाही. लंबकाच्या दोरीची लांबी बदलताना गोळाही बदलला, तर दोलनकालात फरक कशाने पडला ते कळणार नाही. पण आपला प्रश्न 'हे कशामुळे होते' असा नसून 'हे सर्वांत चांगले कधी होते' असा असेल आणि बदलता येण्याजोग्या गोष्टी दोन किंवा अधिक असतील, तर हाच नियम आपल्याला भलत्याच जागी नेऊन उभा करू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, तिथे पोहोचल्यावर आपल्याला वाटते की मुक्काम आला.

मित्रांनो, हे कसे होते ते आज आकड्यांनी पाहू, आणि मग शास्त्रज्ञांनी त्यावर काढलेली तोड पाहू. तिला प्रतिसादपृष्ठ पद्धती म्हणतात. गणित अवघड नाही. फक्त कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि आकडे माझ्याबरोबर मांडत चला.

समजा एक रसायन तयार करायचे आहे. कच्चा माल तापवला की त्याचे हवे ते रसायन होते, पण जास्त वेळ तापवत राहिले तर तयार झालेले रसायनच मोडून त्याचा निरुपयोगी गाळ होतो. म्हणजे कमी तापवले तर माल कच्चा, जास्त तापवले तर माल वाया. भाकरी भाजणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. आच मोठी असेल तर भाकरी लवकर उलटावी लागते, आच मंद असेल तर तव्यावर जास्त वेळ ठेवावी लागते. आच आणि वेळ या दोन गोष्टी एकमेकींची भरपाई करतात, म्हणून 'चांगली आच कोणती' हा प्रश्न वेळ सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

आता आपल्या रसायनाकडे येऊ. शंभर भाग कच्च्या मालातून हवे ते रसायन किती भाग मिळाले, त्याला आपण उतारा म्हणू. साखर कारखान्यात उसाचा उतारा म्हणतात, तसाच. हे पुढचे आकडे मी समजावून सांगण्यासाठी एका सूत्रावरून तयार केले आहेत आणि सोयीसाठी पूर्णांकात आणले आहेत.

एका कॅडेटने नियमाप्रमाणे प्रयोग केला असे धरू. आधी तापमान ६० अंश कायम ठेवले आणि वेळ बदलली. ५५ मिनिटांना उतारा ७०, ६० मिनिटांना ७४, ६५ मिनिटांना ६२. तर ६० मिनिटे सर्वांत चांगली. मग वेळ ६० मिनिटांवर कायम ठेवली आणि तापमान बदलले. ५५ अंशांना ६२, ६० अंशांना ७४, ६५ अंशांना ७०. तर ६० अंश सर्वांत चांगले. वहीत निष्कर्ष : सर्वोत्तम स्थिती ६० अंश, ६० मिनिटे, उतारा ७४. कोणत्याही बाजूला एक पाऊल टाकले की उतारा घटतो, याचा पुरावाही वहीत आहे. परीक्षक पूर्ण गुण देतील.

पण मी ज्या सूत्रावरून हे आकडे काढले, त्यात सर्वांत मोठा उतारा ९० आहे आणि तो ८० अंश, ४० मिनिटांना मिळतो. कारखान्यात ७४ आणि ९० यांतला फरक म्हणजे दर शंभर भागांमागे सोळा भाग माल गटारात.

कॅडेटने काही हलगर्जीपणा केला नाही, मोजमापही चुकले नाही. मग गडबड कुठे झाली? ती दिसण्यासाठी तुमच्या ओळखीची एक वस्तू काढा : एन.सी.सी.मध्ये वाचता तो समोच्च रेषांचा नकाशा. कागदावर पश्चिमेकडून पूर्वेकडे तापमान वाढते आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे वेळ वाढते आहे असे धरा. कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे तापमान आणि वेळ यांची एक जोडी, म्हणजेच एक प्रयोग. त्या प्रयोगात जो उतारा येईल, तेवढी त्या बिंदूपाशी जमिनीची उंची. असे सर्व बिंदूंवर केले की कागदावर एक डोंगराळ प्रदेश उभा राहतो. हेच प्रतिसादपृष्ठ. आपण घटक बदलतो, निसर्ग प्रतिसाद देतो, आणि त्या सर्व प्रतिसादांचे मिळून एक पृष्ठ होते. सारख्या उताऱ्याचे बिंदू जोडले की समोच्च रेषा तयार.

अडचण एवढीच की हा प्रदेश दाट धुक्यात आहे. एक प्रयोग केला की फक्त पायाखालच्या एका बिंदूची उंची कळते, आणि प्रत्येक प्रयोगाला वेळ आणि पैसा लागतो.

आपल्या उदाहरणातला डोंगर गोल नाही. ती एक लांब, अरुंद धार आहे. वायव्येकडून, म्हणजे कमी तापमान आणि जास्त वेळ या कोपऱ्यातून, ती आग्नेयेकडे, म्हणजे जास्त तापमान आणि कमी वेळ या कोपऱ्याकडे चढत जाते. सह्याद्रीत धारेवरून चाललेल्यांना हे चटकन कळेल. आपला कॅडेट या धारेवर उभा आहे. तिथून त्याने उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चारच दिशांना पाऊल टाकून पाहिले, आणि चारही दिशांना उतारच लागला. वर जाणारी वाट आग्नेयेला होती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असल्यामुळे आग्नेयेला पाऊल टाकायची त्याला परवानगीच नव्हती! पावले अगदी बारीक टाकली असती तर तो आलटूनपालटून नागमोडी सरकत वर पोहोचलाही असता, पण त्याला प्रयोगांचे ढीग लागले असते.

आता दुसरा कॅडेट घेऊ. याच्याकडेही पाचच प्रयोगांची सामग्री आहे. त्याने एक प्रयोग मध्यभागी केला, ६० अंश आणि ६० मिनिटे, आणि उरलेले चार चौकोनाच्या चार कोपऱ्यांत केले. दोघांचे मिळून नऊ आकडे नकाशासारखे मांडले तर असे दिसतात. वरची बाजू उत्तर :

६५ मिनिटे : ५५° ला ६५, ६०° ला ६२, ६५° ला ४२
६० मिनिटे : ५५° ला ६२, ६०° ला ७४, ६५° ला ७०
५५ मिनिटे : ५५° ला ४२, ६०° ला ७०, ६५° ला ८१

चार कोपरे पाहा : ६५, ४२, ४२, ८१. पाचच प्रयोगांत त्याला ७४ पेक्षा मोठा आकडा मिळाला, पण खरी कमाई ती नाही. त्याला दिशा मिळाली. हिशेब करा. ६५ अंशांच्या दोन कोपऱ्यांची सरासरी ६१.५, ५५ अंशांच्या दोन कोपऱ्यांची ५३.५. म्हणजे तापमान वाढवल्याने सरासरी ८ चा फायदा. वेळेचे तसेच केले तर वेळ वाढवल्याने सरासरी ८ चा तोटा. मग तापमान वाढवा आणि वेळ त्याच प्रमाणात कमी करा. हीच सर्वांत चढाची वाट, आग्नेयेची. प्रत्येक कोपऱ्याचा आकडा तापमानाच्या हिशेबातही वापरला आणि वेळेच्या हिशेबातही. चार प्रयोगांतला एकही वाया गेला नाही. ही काटकसर मला फार आवडते.

तिसरा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. नैर्ऋत्य-ईशान्य कर्णावरच्या दोन कोपऱ्यांची सरासरी ४२, वायव्य-आग्नेय कर्णावरच्या दोघांची ७३. फरक ३१. तापमानाचा परिणाम ८, वेळेचा परिणाम ८, आणि दोघांच्या एकत्र येण्याचा परिणाम ३१! याला आंतरक्रिया म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्याला ही कधीच दिसत नाही, कारण तो दोन गोष्टी एकत्र बदलतच नाही. शेतकऱ्याला मात्र ती अनुभवाने माहीत असते. कोरड्या रानात युरिया टाकून उपयोग नाही आणि भुकेल्या जमिनीला नुसते पाणी पाजूनही फारसे साधत नाही. दोन्ही वेळेवर मिळाले की पीक तरारते.

आता त्या वाटेने चालू लागा. ७० अंश, ५० मिनिटे : उतारा ८६. ७५ अंश, ४५ मिनिटे : ८९. ८० अंश, ४० मिनिटे : ९०. ८५ अंश, ३५ मिनिटे : ८९. उतरण लागली, तेव्हा माथा मागे राहिला हे कळले. एकूण नऊ प्रयोग.

ही युक्ती एकट्या कोणाची नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते की खत, बियाणे, पेरणीची वेळ असे अनेक घटक एकाच प्रयोगात एकत्र बदलणे शक्य आहे आणि फायद्याचेही आहे. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, या समजुतीलाच त्यांचा विरोध होता. १९३५ मध्ये प्रयोगांच्या आराखड्यांवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आले.

पुढचा माणूस आपल्या वाचकांना जवळचा वाटेल, कारण तो फौजेतून आला. जॉर्ज बॉक्स हे मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात दाखल झाले आणि पोर्टन डाऊन येथील प्रयोगशाळेत विषारी वायूंच्या परिणामांवर काम करू लागले. प्रयोगांचे निकाल इतके वरखाली व्हायचे की त्यांतून अर्थ लागेना. आपल्याला संख्याशास्त्रज्ञ हवा, असे त्यांनी कर्नलसाहेबांना सांगितले. संख्याशास्त्रज्ञ काही मिळेना, तेव्हा ते काम त्यांच्यावरच आले, कारण त्यांनी फिशर यांचे पुस्तक वाचायचा प्रयत्न केला होता. पुढे काही प्रश्न अडले तेव्हा खुद्द फिशर यांना भेटायचे ठरले. पण एका सार्जंटला केंब्रिजच्या प्राध्यापकाकडे सल्ल्याला पाठवण्याची सोय फौजेच्या कोणत्याच नियमात नव्हती. शेवटी रेल्वेचा जो वॉरंट निघाला त्यावर लिहिले होते की हा सार्जंट केंब्रिजला एक घोडा घेऊन चालला आहे. हा किस्सा बॉक्स स्वतःच सांगत असत. वॉरंट आणि मूव्हमेंट ऑर्डर यांच्याशी ज्यांचा घरातूनच परिचय आहे, त्यांना यात अशक्य असे काही वाटणार नाही.

युद्धानंतर बॉक्स यांनी संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि ते इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागले. तिथे त्यांना एक साधी पण फार मोलाची गोष्ट जाणवली. शेतातल्या प्रयोगाचे उत्तर मिळायला एक हंगाम जातो, म्हणून शेतीच्या संशोधकाला सगळे प्रश्न एकदम, मोठा आराखडा करून विचारावे लागतात. रसायनाच्या कारखान्यात उत्तर काही तासांत किंवा दिवसांत मिळते. मग एकदम मोठा प्रयोग कशाला? आधी छोटा चौकोन मांडा, दिशा काढा, पुढे सरका, पुन्हा छोटा चौकोन मांडा. १९५१ मध्ये बॉक्स आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी के. बी. विल्सन यांनी या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, तिथून प्रतिसादपृष्ठ पद्धतीची सुरुवात मानतात. मला वाटते, या पद्धतीचे मर्म समीकरणांपेक्षा या टप्प्याटप्प्याने जाण्यात आहे. टेहळणी करणारी तुकडी असेच करते. सगळा मुलूख आधी मोजून मग पाऊल टाकत नाही.

माथ्याजवळ पोहोचल्यावर पद्धत बदलावी लागते. डोंगराच्या पायथ्याशी जमीन साधारण तिरप्या फळीसारखी असते, म्हणून चार कोपरे पुरतात. माथ्याजवळ ती वाकते. वाक आला हे कसे ओळखायचे? आपल्या चौकोनात कोपऱ्यांची सरासरी ५७.५ आहे आणि मध्यबिंदू ७४. सपाट फळीचा मध्यबिंदू कोपऱ्यांच्या सरासरीइतकाच असायला हवा. एवढा फरक म्हणजे पृष्ठाला बाक आहे. बाकासाठी वर्गाची पदे लागतात. मध्यबिंदूपासून तापमान पाच-पाच अंशांच्या किती पायऱ्या सरकले ते 'त', आणि वेळ पाच-पाच मिनिटांच्या किती पायऱ्या सरकली ते 'व' धरले, तर आपल्या डोंगराचे समीकरण असे आहे :

उतारा = ७४ + ४त − ४व − ८.२५त² − ८.२५व² − १५.५तव

यात सहा सहगुणक आहेत, म्हणून निदान सहा वेगळे बिंदू लागतात, आणि फक्त चार कोपरे व मध्य पुरत नाहीत. दोन्ही कॅडेटांचे प्रयोग एकत्र केले की नऊ बिंदू होतात आणि सगळे सहगुणक मिळतात. म्हणजे पहिल्या कॅडेटचे कामही फुकट गेले नाही. चार कोपरे, मध्यबिंदू आणि अक्षांवरचे चार बिंदू, ही रचना बॉक्स-विल्सन यांच्याच निबंधातून आली आहे. त = ४ आणि व = −४ घालून पाहा, उत्तर बरोबर ९० येते. बारावीच्या मुलांनी विकलज घेऊन हाच माथा स्वतः काढावा. सहगुणकांची चिन्हे आणि आकार बदलले की वेगळे भूरूप मिळते. कधी गोल माथा, कधी लांब धार, तर कधी खिंड. खिंडीत एका दिशेने दोन्हीकडे चढ आणि दुसऱ्या दिशेने दोन्हीकडे उतार असतो. तिथे समीकरण 'थांबा' म्हणते, पण तो माथा नव्हे.

घटक वाढले की बिंदूंची निवड हेच एक शास्त्र होते. तीन घटक तीन-तीन पातळ्यांवर घेतले तर २७ प्रयोग, पाच घटक घेतले तर २४३. इतके कोण करणार? बॉक्स आणि डोनाल्ड बेन्केन यांनी १९६० मध्ये असे आराखडे दिले की तीन घटकांना १२ बिंदू आणि मध्यबिंदूच्या काही आवृत्त्या पुरतात. भारतातही या विषयात पक्के काम झाले आहे. केंद्रापासून सारख्या अंतरावर, कोणत्याही दिशेला, अंदाजाची अचूकता सारखीच राहावी अशा आराखड्यांची रचना कशी करायची, यावर एम. एन. दास आणि व्ही. एल. नरसिंहम् यांचा १९६२ चा निबंध जगभर वापरला गेला. आणि शेतीच्या प्रयोगांचे संख्याशास्त्र भारतातल्या कित्येक विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकातून शिकले, ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलेले पुस्तक पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांचे आहे.

आज औषधाच्या गोळ्या, किण्वन, अन्नप्रक्रिया, धातुकाम अशा सगळीकडे ही पद्धत आहे. विमानाच्या रचनेत एकेका संगणकी गणिताला तासन्‌तास लागतात. तिथे काही मोजकी गणिते करून त्यांवर प्रतिसादपृष्ठ बसवतात आणि पुढचा शोध त्या पृष्ठावर घेतात. पद्धत इतकी सोपी झाली आहे की तिचा गैरवापरही तेवढाच सोपा झाला आहे. संगणकात आकडे भरले की रंगीत, फिरवता येणारा डोंगर पडद्यावर येतो आणि पाहणारा भारावतो. मी असा डोंगर पाहिला की आधी दोनच गोष्टी विचारतो. माथा मोजलेल्या चौकोनाच्या आत आहे की बाहेर? आणि त्या माथ्यावर जाऊन प्रत्यक्ष एक प्रयोग केला का? आपल्या समीकरणाने चौकोनाबाहेरचा माथा अचूक सांगितला, कारण तो डोंगर मीच त्या सूत्राने बांधला होता. निसर्ग कोणाच्या सूत्राला बांधलेला नाही. चौकोनाबाहेर समीकरण फक्त दिशा सुचवते. नकाशा आणि समोरची जमीन जुळत नसतील तर कोणावर विश्वास ठेवायचा, हे नकाशावाचनाच्या तासाला तुम्हाला सांगितलेलेच आहे.

हे सगळे हाताने करून पाहायचे असेल तर कागदाचे हेलिकॉप्टर घ्या. बॉक्स स्वतः इंजिनियरांना प्रयोगांचा आराखडा शिकवताना हेच वापरत. कागदाच्या पट्टीला वर दोन पाती कापायची, एक पुढे आणि एक मागे वळवायचे, खाली अरुंद शेपूट ठेवायचे आणि त्याला एक जेम क्लिप लावायची. उंचावरून सोडले की ते गरगरत खाली येते. ते हवेत जास्तीत जास्त वेळ राहावे, हा प्रश्न. पात्याची लांबी ६, ८, १० सेंटिमीटर आणि एका पात्याची रुंदी ३, ४, ५ सेंटिमीटर घ्या. शेपूट सगळ्यांचे सारखेच, ८ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. पाते मोठे केले की हवेचा रोध वाढतो, पण वजनही वाढते आणि लांब, अरुंद पाते लवकर लवते, म्हणून इथेही आंतरक्रियेची शक्यता चांगली आहे.

नऊ हेलिकॉप्टरे, प्रत्येक तीनदा सोडायचे, एकूण २७ वेळा. एकच हेलिकॉप्टर सलग तीनदा सोडू नका. २७ चिठ्ठ्या करा आणि निघेल त्या क्रमाने सोडा, म्हणजे मधेच वारा सुटला किंवा घड्याळ धरणारा दमला तरी त्याचा भार एकाच हेलिकॉप्टरवर पडणार नाही. तीन वेळांतला आपसातला फरकही लिहून ठेवा. दोन हेलिकॉप्टरांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचे. आधी चार कोपरे आणि मध्य यांचा हिशेब करा, मग उरलेले चार बिंदू घाला. पहिल्या मजल्यावरून सोडले तर वेळ फार कमी भरतो आणि घड्याळाची कळ दाबण्यातली चूकच मोठी होते. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून सोडा, आणि हॉलचे पंखे बंद ठेवा.